पंचेचाळीस तास: टेबल नंबर ३४ चं प्रकरण

सदाशिव पेठेत मी अभ्यासिका चालवतो. दुसरा मजला, बासष्ट टेबलं, प्रत्येक टेबलाला एक दिवा, एक प्लग पॉइंट आणि समोरच्या फळीवर चिकटवलेलं वेळापत्रक, जे पहिल्या आठवड्यानंतर कोणी पाळत नाही. सकाळी सहाला कुलूप निघतं, रात्री अकराला लागतं. मुलं मला काका म्हणतात. फी थकली की जरा जास्त प्रेमानं म्हणतात.

हे प्रकरण टेबल नंबर ३४ चं. त्या मुलीची लिहायला हरकत नाही, फक्त नाव आणि गाव नको म्हणाली. म्हणून इथे ती 'ती'च. वय २३. सोलापूर जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यातली. बी.ए. झाल्यावर दोन वर्षं पुण्यात कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी. एका खोलीत चौघी, दुपारचं जेवण मेसला, रात्री डबा. जानेवारीत उसाचं बिल आलं तेव्हा वडिलांनी क्लासचा दुसरा हप्ता आणि काही महिन्यांचं भाडं असे ६८,००० रुपये तिच्या खात्यात एकदम टाकले होते. त्यातले ६५,००० दीड दिवसात गेले.

असं काही झालं की जो तो म्हणतो, मुलांमध्ये जागृती नाही. मला हे ऐकून आता चीड येते, कारण तिच्या वहीतलं पान मी पाहिलंय. 'चालू घडामोडी – सायबर' असं वर लिहिलेलं, गुलाबी हायलायटरनं रंगवलेलं. '१९३०: राष्ट्रीय हेल्पलाइन, आधी १५५२६०. पोर्टल २०१९. आय-फोर-सी (सायबर गुन्हे समन्वय केंद्र): गृह मंत्रालय.' आणि लक्षात राहावं म्हणून समासात बारीक अक्षरात: '१९३० = दांडी'. मिठाच्या सत्याग्रहाचं साल. चार पर्यायांत हा नंबर विचारला असता तर तिनं झोपेत गोळा काळा केला असता. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा तिनं तो फिरवला पंचेचाळीस तासांनी.

ते पंचेचाळीस तास कुठे गेले, एवढंच मला सांगायचंय. फसवणूक कशी झाली हे त्यामानाने सोपं आहे.

आधी पैसे आले

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. दुपारी मेसहून परत येताना व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून मेसेज. हॉटेलांना गूगलवर पाच स्टार द्यायचे, एका रिव्ह्यूचे ५० रुपये, दिवसाला तासभर काम. तिनं तीन रिव्ह्यू टाकले. मग एक टेलिग्रामची लिंक आली, तिथे 'रिसेप्शनिस्ट' म्हणवणारी एक मॅडम, आणि पाच मिनिटांत खात्यात १५० रुपये जमा.

इथेच सगळं फिरलं. फसवणूक म्हणजे ओटीपी मागतात, पिन मागतात, पैसे मागतात, असं या मुलांच्या डोक्यात पक्कं बसलंय. इथे कोणी काही मागितलंच नाही. उलट पैसे आले, आणि बँकेचा खराखुरा मेसेज आला. ती मला म्हणाली, "काका, माझ्याकडनं काय जाणार होतं? स्टारच द्यायचे होते."

आणि एक गंमत बघा. ते रिव्ह्यू तिनं नेहमीच्या जीमेलवरून टाकले नाहीत. दुसरं खातं वापरलं. का, तर आपल्या नावानं कुठल्यातरी हॉटेलचा रिव्ह्यू चुलतभावाला दिसला, तर 'ही पुण्यात हॉटेलं फिरती' असं गावभर होईल. म्हणजे सावधगिरी होती. भरपूर होती. तिचं तोंड फक्त गावाकडे होतं.

बुधवारी 'प्रीपेड टास्क' सुरू झाले. १,००० भरा, १,३०० घ्या. १,३०० खरंच आले. मग ५,००० भरले, ते मात्र बँकेत परत आले नाहीत. एका वेबसाइटवर तिच्या नावानं पान उघडलं होतं, त्यावर ते वाढलेले दिसायला लागले. हा तीन टास्कचा संच आहे, मध्ये सोडला तर आधीचे पैसे अडकतात, असं मॅडमनं सांगितलं. ग्रुपमध्ये दोनेकशे मेंबर, मिनिटामिनिटाला कोणीतरी 'मिळाले, थँक यू मॅडम' म्हणून स्क्रीनशॉट टाकतंय. बुधवारी रात्री १२,०००. गुरुवारी सकाळी १८,०००. मग 'तुमचा क्रेडिट स्कोअर ८० झालाय, १०० केल्याशिवाय पैसे निघणार नाहीत' म्हणून गुरुवारी दुपारी २ वाजून १० मिनिटांनी ३०,०००. वेबसाइटवर तोवर ९१,४०० दिसत होते. अर्ध्या तासानं 'टॅक्स' म्हणून आणखी ३६,००० मागितले, तेव्हा तिच्या पोटात खड्डा पडला.

चारही वेळा पैसे घेणारं नाव वेगळं होतं. कुठे ट्रेडर्स, कुठे एंटरप्रायझेस, शेवटचं एका माणसाचं. पिन टाकण्याआधी ॲप ते नाव दाखवतंच. तिला ते खटकलं, तिनं विचारलंही, 'मर्चंट रोज बदलतात' हे उत्तर मिळालं आणि तिनं त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. शंका आली की ही पिढी स्क्रीनशॉट काढते. थांबत नाही, पण पुरावा ठेवते. पुढे पोलिसांना त्याचाच उपयोग झाला, हे कबूल करतो.

पलीकडची मॅडम कोण होती ते कधीच कळलं नाही. असल्या धंद्यांची मोठी ठाणी कंबोडिया, म्यानमार, लाओसमध्ये आहेत आणि तिथे टाइप करायला बसवलेली पोरंही पुष्कळदा नोकरीच्या आमिषानं नेलेली असतात. आमचं हे प्रकरण झालं त्याच्या पुढच्याच महिन्यात म्यानमारच्या सीमेवरून सुटका झालेल्या २८३ भारतीयांना थायलंडमार्गे हवाई दलाच्या विमानानं परत आणलं. ती बातमी तिनं चालू घडामोडींच्या वहीत लिहिली. त्याच गुलाबी हायलायटरनं.

तिचा फोन

नंतर एकदा तिच्यासमोर, तिच्याच सांगण्यावरून, मी तिचा फोन नीट बघितला. कुठे काय बंद करायचं ते बघू म्हणून. वीस मिनिटांत मला कळलं की हा फोन कुलपांनी भरलेला आहे.

गॅलरीला वेगळं लॉक. व्हॉट्सॲपला बोटाचा ठसा, आणि आत दोन चॅट पुन्हा कुलपात. २०२३ मध्ये ही सोय आली त्या आठवड्यातच तिनं ती लावली होती. लास्ट सीन कोणालाच नाही. डीपी नातेवाईक सोडून सगळ्यांना. इन्स्टाग्रामची दोन खाती: एकावर मामा, मावश्या, गावची मंडळी आणि गणपतीचे फोटो, दुसऱ्यावर सत्तावीस जण. घरी जायच्या आदल्या रात्री कॉल लॉग साफ. रात्री उशिरा रिक्षात बसली की रूममेटला लाइव्ह लोकेशन, न चुकता. ही शेवटची सवय तर उत्तमच आहे. आमच्या वयाच्या बायकांनाही ती नसते.

आता दुसरी बाजू. यूपीआयचा पिन म्हणजे जन्मसाल. सगळीकडे एकच पासवर्ड: नाव, मग ॲट, मग एक-दोन-तीन. जीमेलला टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी तपासणी, नाही, 'सारखं सारखं विचारतं' म्हणून काढलेलं. आयोगाचं लॉगिन, बँक, डिजिलॉकर सगळं त्याच जीमेलवर टांगलेलं. म्हणजे सत्तावीस जणांच्या इन्स्टाला तीन कुलपं आणि जन्मभराच्या कागदांना खिट्टीसुद्धा नाही.

आणि झेरॉक्सवाला. पेठेत राहिलेल्या कोणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी दुकानासमोर रांग. दुकानदार ओरडतो, 'व्हॉट्सॲप करा ह्या नंबरवर'. पोरं आधार, नॉन-क्रीमीलेअर, मार्कशीट, सही आणि फोटो एका दमात त्याला पाठवतात. त्याच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप दिवसभर उघडं, डाउनलोडच्या फोल्डरमध्ये हजारो फाइली. आधारची पीडीएफ पासवर्डची असते, पण तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. दोन्ही त्याच ढिगात पडलेली. मी त्या दुकानात उभा राहून एकदा मोजलं: अर्ध्या तासात अकरा जणांची आधारं आली. कोणी 'डिलीट करा' म्हटलं नाही. पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार फुकट मिळतं, हे त्यातल्या बहुतेकांना माहीत असणार. आधारवर प्रश्न येतात.

मी तिला विचारलं, की रूममेटनं गॅलरी उघडली तर तू चिडशील, मग झेरॉक्सवाल्याचं काहीच कसं वाटत नाही? ती म्हणाली, "तो काय करणार, काका? तो मला ओळखतोय कुठं?"

तिच्यासाठी धोका म्हणजे ओळखीचा माणूस. जो ओळखतो तो बोलतो, जो बोलतो त्याचं घरापर्यंत जातं. अनोळखी माणूस सुरक्षित, कारण त्याला आपल्याबद्दल काही पडलेलं नाही. गावातून शहरात आलेल्या मुलीच्या बाबतीत हा हिशेब चुकीचा नाही हो. चोवीस तास नजरेखाली वाढलेली पोरगी पहिलं कुलूप नजरेलाच लावणार. फक्त पैशाचा चोर ओळखीतून येत नाही.

मुलांची तऱ्हा थोडी वेगळी. 'खात्यात चारशे रुपये आहेत, घेऊन घेऊन काय घेणार' हे वाक्य मी बासष्टपैकी निदान वीस टेबलांवर ऐकलं असेल. फोनवर नंबर लावला की तेव्हा सायबर फसवणुकीची सूचना वाजायची, ती ऐकायला नको म्हणून पोरं सरळ व्हॉट्सॲप कॉल करायची. आणि सगळ्यांचं मत एकच: फसतात ते म्हातारे. अमेरिकेत रटगर्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ नील वाइनस्टीन यांनी १९८० साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की अमुक चांगली किंवा वाईट गोष्ट तुमच्या बाबतीत घडायची शक्यता बरोबरच्या इतरांपेक्षा जास्त की कमी? चांगलं माझ्या वाट्याला जास्त, वाईट कमी, असंच बहुतेकांचं उत्तर निघालं. तेव्हा इंटरनेटही नव्हतं. आणि फसतात ते म्हातारे, हेही अर्धंच खरं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे येणाऱ्या तक्रारींत विशीतली माणसं पैसे गेल्याचं सत्तरीतल्यांपेक्षा जास्त वेळा सांगतात. म्हाताऱ्यांची रक्कम मोठी असते एवढंच.

गुरुवार दुपार ते शनिवार सकाळ

गुरुवारी पावणेतीनला तिला कळलं होतं. पूर्ण कळलं होतं. 'कदाचित' वगैरे काही नव्हतं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवले जातात, लवकर कळवलं तर मधल्या खात्यात थांबवता येतात, हेही तिच्या वहीत होतं. ती फोन उपडा ठेवून मेसला गेली. जेवली नाही. संध्याकाळी टेबलावर येऊन बसली. राउंड मारताना मला दिसलं, की राज्यघटनेचं एकच पान दोन तास उघडं आहे. परीक्षेचं टेन्शन असेल म्हणून मी चहा पाठवला. एवढीच माझी हुशारी.

त्या वेळी तिच्या डोक्यात काय चाललं होतं, हे तिनं नंतर ज्या शब्दांत सांगितलं तसंच लिहितो: "१९३० ला लावला की पोलीस केस. केस झाली की घरी फोन. घरी कळलं की पप्पा म्हणणार, ये परत. परत गेले की संपलं." संपलं म्हणजे काय, हे विचारायची गरज नव्हती. गेल्या दिवाळीत एक स्थळ येऊन गेलं होतं. 'अजून एक वर्ष' यावर थांबलं होतं. ते ६५,००० म्हणजे तिच्यासाठी ते एक वर्ष होतं.

शुक्रवार तिनं स्वतःच निस्तरण्यात घालवला. आणि तो दिवस गुरुवारपेक्षा वाईट ठरू शकला असता. आधी 'टास्क फसवणूक पैसे परत' असं शोधलं. इन्स्टावर एक 'रिकव्हरी एक्सपर्ट' भेटला. गेलेले पैसे हॅक करून परत आणतो, फाइल चार्ज ४,५०० आगाऊ. जखमेवर बसणाऱ्या माश्या असतात ना, तशी ही जात: फसलेला माणूस बोभाटा करणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. खात्यात तीन हजारच उरले होते म्हणून ती वाचली.

मग तिनं एक झटपट कर्जाचं ॲप उतरवलं. निदान क्लासचा हप्ता भरू, बाकी पुढे बघू. आधार टाकलं, पॅन टाकलं, सेल्फी काढला. शेवटी ॲपनं कॉन्टॅक्ट बघायची परवानगी मागितली आणि तिचा अंगठा थांबला. हप्ता चुकला तर ही मंडळी यादीतल्या सगळ्यांना फोन करतात हे तिनं ऐकलं होतं, आणि यादीत सगळ्यात वर, पिन करून ठेवलेले, पप्पा होते. तिनं ॲप उडवलं. कर्ज देणाऱ्या ॲपनं फोनमधली कॉन्टॅक्ट यादी आणि फोटो उघडायचेच नाहीत, असा नियम रिझर्व्ह बँकेनं २ सप्टेंबर २०२२ लाच घातला होता. म्हणजे परवानगी मागितली तिथेच ते ॲप बाद. पण तिला नियमानं नाही वाचवलं. पप्पांच्या भीतीनं वाचवलं. ज्या भीतीनं तिचे दोन दिवस खाल्ले, तिनंच एक मोठा खड्डा चुकवला. हे लिहायला मला थोडं जड जातंय, कारण मला ती भीती सरसकट वाईट ठरवायची होती.

शनिवारी सकाळी रूममेटनं तिला माझ्याकडे आणलं. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली: एक टेबल, राउटर आणि पाण्याचे जार. ती उभीच राहिली. मी बस म्हटलं तरी बसेना. म्हणाली, "काका, घरी सांगणार नसाल तर सांगते."

मी हो म्हटलं. त्या 'हो'ची किंमत तेव्हा मला माहीत नव्हती.

११ वाजून १० मिनिटांनी फोन लावला. पलीकडची बाई मराठीत बोलली, शांतपणे. कुठली बँक, किती रक्कम, किती वाजता, आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर. तिच्याकडे सगळे स्क्रीनशॉट ओळीनं होते. दहा-बारा मिनिटांत पोचपावती क्रमांक मेसेजवर आला, मग पोर्टलवर बाकीची तक्रार पुरी केली. घरचा नंबर कोणी विचारला नाही. ती सज्ञान आहे, खातं तिचं आहे, तक्रार तिची आहे. वडिलांना कळवायचा प्रश्नच नव्हता. तिला राज्यघटनेची कलमं पाठ होती, पण २३ वर्षांच्या बाईच्या तक्रारीसाठी पोलीस बापाला फोन करत नाहीत, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. जागृतीच्या पोस्टरवर हे वाक्य मी अजून पाहिलेलं नाही.

बँकेत मात्र जायला लागलं. तिथल्या साहेबांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, "शिकलेल्या ना तुम्ही?" बँकेचं नाव लिहीत नाही, ते वाक्य कुठल्याही काउंटरवर ऐकायला मिळतं. मग त्यांनी सांगितलं, की पिन तुम्हीच टाकलाय, बँकेची जबाबदारी नाही. तेवढ्यापुरतं ते बरोबर होतं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक तेव्हा लागू होतं: चूक ना बँकेची ना ग्राहकाची आणि पैसे परस्पर गेले, तर तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य. पण इथे पैसे परस्पर गेलेच नव्हते. तिनं स्वतः, स्वतःच्या पिननं, चार वेळा पाठवले होते. अशा वेळी हातात उरतं ते फक्त पैशांच्या मागे धावणं, आणि त्या धावण्यात तासांचा हिशेब असतो.

पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी तो हिशेब नंतर दाखवला. गुरुवारचे ३०,००० पहिल्या खात्यात अकरा मिनिटं होते. तिथून तीन खात्यांत फुटले, त्यातल्या दोन खात्यांतून संध्याकाळपर्यंत एटीएमनं निघाले. तिसऱ्या खात्यात ७,२०० रुपये कसे कोण जाणे शुक्रवारभर पडून होते. ते होल्ड झाले. गुरुवारीच कळवलं असतं तर सगळे थांबले असते का? बुधवारचे नक्कीच नाही. पण दुपारच्या ३०,००० पैकी बराचसा भाग तेव्हा अजून खात्यांमध्येच फिरत होता. हवालदार वयानं तिच्याएवढेच असतील, तेही दोनदा परीक्षा देऊन पोलिसात आलेले. 'शिकलेल्या ना' असं ते म्हणाले नाहीत. पहिलं खातं कोणाचं निघालं ते त्यांनी सांगितलं: परराज्यातल्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचं. काही हजारांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम एकाच्या हाती दिलेलं.

यावरून आठवलं. महिन्याभरानं २१ नंबरच्या टेबलावरच्या पोरानं मला सहज विचारलं, "काका, चालू खातं भाड्यानं दिलं तर काही होतं का? एक जण पाच हजार देतोय." मी त्याला खाली बसवून ही सगळी गोष्ट सांगितली. त्याचा चेहरा बघून वाटलं, की बोलणी बरीच पुढे गेली होती.

ते १,३०० रुपये

इथवर तिच्या घरी काही कळलं नव्हतं. सगळं दबेल असं मलाही वाटलं. दहाव्या दिवशी मेसवाल्याला पैसे पाठवताना तिचं पेमेंट अडकलं. बँकेत गेलो तर कळलं, की दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून तिचंच खातं गोठवलंय.

कारण, बुधवारी तिला 'परतावा' म्हणून मिळालेले ते १,३०० रुपये. ते कोणा कंपनीचे नव्हतेच. तिच्यासारख्याच कोणीतरी, कुठेतरी, आपला दुसरा किंवा तिसरा टास्क भरला होता, तेच पैसे वळवून तिला दिले होते. त्या माणसानं तक्रार केली, आणि पैशाचा माग काढत पोलीस तिच्या खात्यापर्यंत आले. कागदावर ती आता फसलेली नव्हती. चोरीचा पैसा घेणारी होती.

हे कळल्यावर ती रडली. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी रडली नव्हती. मी तिला सांगितलं, की देशभरात एकेका वर्षात सायबर फसवणुकीत हजारो कोटी रुपये जातात. तू एकटी नाहीस. असल्या वेळी आकडा सांगणाऱ्या माणसाचं काय करावं? ती म्हणाली, "काका, ते त्याचे पैसे मी खाल्ले ना. चहा-क्रीमरोल आणला होता त्या दिवशी सगळ्यांना."

खातं बंद, भाडं थकलेलं, उरलेले तीन हजारही आत. आता घरी फोन करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जिन्याखालच्या खोलीतूनच तिनं लावला. मी बाहेर जायला निघालो तर हातानंच थांबा म्हणाली.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

मला वाटलं, चला, एवढंच. दुसऱ्या दिवशी चुलतभावाचा फोन आला, तो वाट्टेल ते बोलला. मग आईचा: झालं तेवढं पुरे, ये. फेब्रुवारीच्या अखेरीस बॅग भरून ती गेली. शिमगा घरीच झाला. ज्या स्थळाला दिवाळीत थांबवलं होतं, त्यांच्याकडून पुन्हा विचारणा झाली, हे तिनं मला फोनवर सांगितलं.

म्हणून मला ते 'घाबरू नका, घरच्यांना विश्वासात घ्या' वालं भाषण आता तोंडातून काढवत नाही. तिची भीती खोटी नव्हती. तिनं जे होईल म्हटलं होतं, जवळजवळ तेच झालं. पोलिसांबद्दल तिचा अंदाज साफ चुकला, घराबद्दलचा बरोबर निघाला. पंचेचाळीस तास गप्प राहणं हा आपल्याला मूर्खपणा वाटतो. तिच्या जागेवरून तो एक सौदा होता. पैसे गेले तर गेले, वर्ष वाचवू. सौदा फसला, ते वेगळं.

ती परत आली ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. अटी घालून घेऊन. आता खात्यात एका वेळी ५,००० च्या वर नसतात, दर रविवारी संध्याकाळी शिल्लक दाखवणारा स्क्रीनशॉट पप्पांना जातो, आणि क्लासची फी वडील स्वतः भरतात. पिन बदललाय, जीमेलला टू-स्टेप आहे, आधारला बायोमेट्रिक लॉक आहे. गॅलरीचं लॉकही आहेच. ते काढायला मी सांगितलंही नाही.

अभ्यासिकेत मी एकच केलं. पाण्याच्या कूलरवर चिठ्ठी लावली: 'पैसे गेले तर आधी खाली या. १९३० आपण मिळून लावू. तुम्ही १८ च्या वर आहात, घरी फोन जात नाही. मीही करणार नाही.' तिची रूममेट म्हणाली, शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात करा. केलं. त्यानंतर दोघं खाली आले. एक चार तासांनी, एक दुसऱ्या दिवशी. 'लगेच' असं अजून कोणी आलेलं नाही.

होल्ड झालेले ७,२०० रुपये सप्टेंबरमध्ये आले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज, मॅजिस्ट्रेटचा आदेश, मग बँकेला पत्र. त्यासाठी तिनं चार चकरा मारल्या आणि कलम पाठ झालं. तिचं खातं त्याआधीच, मे महिन्यात, सुरू झालं होतं. फक्त १,३०० रुपयांवर होल्ड ठेवून. बँकेतल्या त्याच साहेबांनी सांगितलं, की अर्ज दिला तर तेही सुटतील, रक्कम किरकोळ आहे.

तिनं अर्ज दिलेला नाही. पासबुक भरून आणलं की ती त्या आकड्याखाली पेन्सिलनं रेघ मारते. रविवारच्या स्क्रीनशॉटमध्ये शिल्लक नेहमी १,३०० नं जास्त दिसते, आणि पप्पा दर वेळी विचारतात, हे वरचे कसले?